लिंक कुणी दाबली, एवढंच का विचारायचं?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या नानांना बँकेचा मेल आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. मेलवर बँकेचं नाव, बोधचिन्ह, तळाशी शाखेचा पत्ता, आणि मजकूर स्वच्छ मराठीत: आपल्या हयातीच्या दाखल्याची नोंद अपूर्ण आहे, दोन दिवसांत ती पूर्ण न केल्यास पेन्शन थांबेल, खालील लिंकवर माहिती भरा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. सरकारी कागद मुदतीच्या आत द्यायची जन्माची सवय. नानांनी माहिती भरली. ओटीपी आला, तोही भरला. रात्री साडेनऊपर्यंत त्यांची एक मुदत ठेव मोडली गेली होती आणि २ लाख ६० हजार रुपये कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन पडले होते.

पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण नाना खरे खचले ते नंतरच्या बोलण्यानं. मुलगा म्हणाला, "बाबा, शंभर वेळा सांगितलं होतं." शाखेतला अधिकारी म्हणाला, "ओटीपी तुम्हीच दिलात ना, मग आम्ही काय करणार?" पंधरा दिवसांनी ज्येष्ठ नागरिक संघात सायबर जागृतीचं व्याख्यान झालं. वक्त्यांनी तासभर काय काय करू नये ते सांगितलं आणि समारोपात म्हणाले, फसवणुकीच्या मुळाशी नेहमी एक तर लोभ असतो, नाही तर अज्ञान. नाना दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. हयातीचा दाखला वेळेवर भरण्यात कसला आला लोभ? आणि चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला अज्ञानी कुठल्या तोंडानं म्हणायचं? सभेत उलटा सूरही निघाला, पण तोही तेवढाच पोकळ होता. बँकेतलीच माणसं सामील असतात, मोबाइलवरची बँक बंद करून टाका, आपलं पासबुकच बरं, असं दोघातिघांनी सांगितलं. एका बाजूचं म्हणणं ग्राहक मूर्ख, दुसऱ्या बाजूचं म्हणणं बँक चोर. वाद या दोन खुंट्यांना बांधला गेला की मूळ प्रश्न तसाच राहतो: बँकेच्या नावानं आलेला खोटा मेल ओळखायची, आणि ओळखता आला नाही तर नुकसान सोसायची, जबाबदारी कुणाची?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बँकेचं सोंग घेऊन कुणी ग्राहकाला लुटलं आणि त्या लुटीत ग्राहक स्वतः सामील नसेल, तर ते नुकसान त्याची बँक आणि चोराचं खातं जिथे आहे ती बँक, या दोघींनी वाटून सोसलं पाहिजे. हे मी दयेपोटी म्हणत नाही. चोरी अडवायची साधनं ज्याच्या हातात आहेत त्याच्या खिशाला चाट बसली तरच ती साधनं वापरली जातात, असा अनुभव आहे म्हणून म्हणतो. ग्राहकानं सावध राहायलाच हवं. पण प्रत्येकानं आपापल्या घराला कडी लावली म्हणून गावाला वेस नको, असं कुणी म्हणत नाही.

आधी मेल ही काय वस्तू आहे ते पाहू, कारण ‘नीट बघितलं असतं तर कळलं असतं’ या वाक्याचा सगळा भार तिच्यावर आहे. ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसा जावा याचे नियम १९८२ साली ठरले. तेव्हा हे जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं, वापरणारे थोडे होते, एकमेकांवर विश्वास होता. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाऱ्यानंच लिहायचं ठरलं. ते खरं आहे का, हे तपासायची सोय मुळात ठेवलीच नाही. अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याच्या नावापत्त्यासाठी जागा असायची. तिथे कुणी ‘जिल्हाधिकारी, सांगली’ असं लिहून पत्र पेटीत टाकलं असतं तरी पोस्टमननं ते इमानेइतबारे पोचवलंच असतं. मेलचंही तसंच आहे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा नावांच्या तपासण्या त्यावर चढवल्या गेल्या, आणि बँकेनं त्या नीट लावल्या असतील तर तिच्या नेमक्या पत्त्यावरून खोटा मेल पाठवणं अवघड जातं. पण एका अक्षराच्या फरकानं मिळताजुळता पत्ता विकत घ्यायला आडकाठी कसली? आणि मोबाइलवर मेल उघडला की बहुतेक वेळा पत्ता दिसतच नाही, दिसतं ते नाव. नाव तर काहीही लिहिता येतं. नानांना दिसलं ते बँकेचं नाव होतं.

शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असं मोर्तब असे. मजकूर जिथे संपला तिथेच ते उमटवत, म्हणजे खाली कुणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये. खोटे कागद करणारे तेव्हाही होते, नाही तर मोर्तबाची गरजच काय होती? पण कागद खोटा होऊ नये याची तजवीज दफ्तरानं केली, पत्र वाचणाऱ्या गावच्या पाटलाच्या नजरेवर ती सोपवली नाही. इथे कुणी मला अडवेल आणि अडवावंच: खोटी नोट हातात सापडली तर बँक ती जप्त करते, मोबदला देत नाही, नुकसान त्या माणसाचंच होतं, मग खोट्या मेलला वेगळा न्याय का? प्रश्न रास्त आहे. पण ते नुकसान आपल्यावर टाकण्याआधी रिझर्व्ह बँकेनं नोटेत जलचिन्ह घातलं, सुरक्षा धागा ओवला, बोटाला लागेल अशी उठावाची छपाई केली. आठवडी बाजारातली भाजीवालीसुद्धा पाचशेची नोट उजेडात धरून दोन सेकंदांत पारखते. बँकेच्या मेलमध्ये उजेडात धरायचं काय आहे?

या दिशेनं एक पाऊल उशिरा का होईना पडलं आहे, ते नोंदवायला हवं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की देशातल्या बँकांची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जातील, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हा पत्ता बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. मोर्तबाच्या जवळ जाणारी ही पहिलीच गोष्ट. पण मोर्तब कागदावर उमटलं पाहिजे आणि वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. ते पत्त्यात दडलेलं आणि पत्ता नावाखाली दडलेला असेल, तर सत्तरीतल्या माणसाला त्याचा उपयोग किती?

आता बँकांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल. सावधगिरीच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं की घाई करायला लावणारा मेल आला तर संशय घ्या, अनोळखी लिंक उघडू नका, जन्मतारीख कुणाला सांगू नका. आणि त्याच बँकेकडून आपल्याला काय येतं? ‘आपल्यासाठी मंजूर झालेलं कर्ज, फक्त आजच्या दिवस, इथे क्लिक करा.’ ‘केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खात्यावर निर्बंध येतील.’ कार्डाचा विभाग एका पत्त्यावरून लिहितो, विम्याचा दुसऱ्या, जाहिराती पाठवणारी कंत्राटी कंपनी तिसऱ्याच. खात्याचा उतारा पीडीएफमध्ये येतो आणि तो उघडायला जन्मतारीख टाका म्हणतो. बँकेतून फोन येतो आणि ‘खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगा’ म्हणतो. समोरून बोलणारा कोण याची खात्री आपण कशी करायची, हे कुणी सांगत नाही. म्हणजे खोट्या मेलची जी लक्षणं शिकवली जातात ती सगळी खऱ्या मेलमध्ये भरलेली असतात. राहता राहिलं अशुद्ध लेखन. पूर्वी भामट्यांच्या मराठीत चुका असत. आता भाषांतराची यंत्रं इतकी सुधारली आहेत की मला येणाऱ्या मेलांत भामट्यांची मराठी कित्येकदा बँकेच्या मराठीपेक्षा शुद्ध असते. मराठीचा शिक्षक असलेल्या माणसाला त्या शुद्धपणाचाच भरवसा वाटला, यात त्याचा दोष किती? बँका वर्षभर ग्राहकाला लिंक दाबायचं वळण लावतात आणि एक दिवस चुकीची लिंक दाबली की त्याच वळणाचा ठपका त्याच्यावर ठेवतात.

हे वळण मोडता येतं, आणि सिंगापूरनं ते मोडून दाखवलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावानं खोटे एसएमएस गेले. ते फोनमध्ये बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसले. सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. लोक भडकले. बँकेनं शेवटी सगळ्यांची पूर्ण रक्कम भरून दिली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या नियामकानं काय केलं ते: सामान्य ग्राहकांना पाठवायच्या मेल आणि एसएमएसमधून बँकांनी दाबता येणाऱ्या लिंक काढून टाकायच्या. एकदा हा नियम आला की ग्राहकाला शिकवायचं एकच उरतं: बँकेच्या नावानं लिंक आली म्हणजे ती खोटी. दहा कलमी सूचना पाठ करायला नको, पत्ता वाचायला नको. आपल्याकडे दूरसंचार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमध्ये आधी नोंदवलेल्याच लिंक जाव्यात असा नियम केला, तो स्वागतार्ह आहे. पण मेलला तो लागत नाही, आणि नोंदवलेली का होईना, लिंक दाबायची सवय तो तशीच ठेवतो. बँकांनी मेलमधून लिंक हद्दपार केल्या तर त्यांचं काय जाईल? जाहिरातींना मिळणारा प्रतिसाद थोडा घटेल. नानांच्या ठेवीच्या तुलनेत तो किती मोलाचा, हे आपण बँकांना एकदा विचारायला हवं.

तरीही समोरच्या पक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा उरतोच: नुकसान बँक भरून देते असं कळलं की लोक बेफिकीर होतील, आणि काही जण स्वतःच पैसे काढून खोटी तक्रार करतील. माणसाचा स्वभाव बघता हा मुद्दा झटकून टाकता येत नाही, काही लबाड निघतीलच. पण या भीतीची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. एटीएम नवीन होतं तेव्हा ‘हे पैसे मी काढलेच नाहीत’ अशा तक्रारी सगळीकडे येत. अमेरिकेत १९८० च्या सुमाराला न्यायालयांचा आणि कायद्याचा कल ग्राहकाच्या बाजूनं झाला. ग्राहकानंच पैसे काढले हे बँकेनं सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये बँका म्हणत राहिल्या की आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, ग्राहक तरी विसरला असेल किंवा खोटं बोलत असेल. केंब्रिजशायरमधल्या एका पोलीस शिपायानं आपल्या खात्यातून न काढलेले पैसे गेल्याची तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला आणि १९९६ मध्ये अपिलात सुटला. मग कुठल्या देशातल्या बँका जास्त दक्ष झाल्या? अमेरिकेतल्या. पैसे स्वतःच्या गल्ल्यातून जात होते, म्हणून त्यांनी एटीएमवर कॅमेरे बसवले आणि तक्रारींची मुळं शोधली. ब्रिटिश बँकांना ग्राहकावर ढकलायची सोय होती, त्या सुस्तावल्या. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी पुढे आयुष्यभर हा मुद्दा लावून धरला: यंत्रणेचं रक्षण करणारा एक आणि ती फुटल्यावर सोसणारा दुसरा असेल, तर ती यंत्रणा कच्चीच राहते. बेफिकिरी येते ती ज्याचं काही जात नाही त्याला. आज तो ग्राहक आहे की बँक?

आणि भरपाई म्हणजे वाटेल त्याला डोळे मिटून पैसे, असंही कुठे नाही. ब्रिटननं आता उलट टोक गाठलं आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची आहे, आणि पाठवणारी व घेणारी बँक ती निम्मी निम्मी सोसतात. ग्राहकाचा अक्षम्य हलगर्जीपणा सिद्ध झाला तर भरपाई नाकारता येते, पण सिद्ध बँकेनं करायचं. यातलं निम्मं घेणाऱ्या बँकेवर टाकणं मला फार शहाणपणाचं वाटतं. चोरीचा पैसा हवेत उडत नाही. तो कुठल्या तरी शाखेत, कुठल्या तरी भाड्यानं दिलेल्या खात्यात उतरतो. दोन-चार हजारांसाठी कॉलेजातल्या पोरानं किंवा मजुरानं आपलं खातं भामट्याला वापरायला दिलेलं असतं. ज्या खात्यात वर्षभर पाचशे-हजाराची उलाढाल, तिथे एका रात्रीत लाखो रुपये येऊन तासाभरात निघून जातात, हे त्या बँकेला दिसत नाही का? दिसतं, पण आज तिकडे पाहण्यासाठी खर्च करायला तिला कारण नाही.

आपल्या कायद्याची स्थिती पाहिली की विसंगती डोळ्यांत भरते. कुणी तुमची खोटी सही करून चेक वटवला तर नुकसान कुणाचं? सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या एका खटल्यात याचं उत्तर दिलं. एका कंपनीच्या हिशेबनिसानं, ज्याच्या ताब्यात चेकबुक होतं, व्यवस्थापकीय संचालकाच्या खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले. रक्कम ३ लाख २६ हजारांच्या वर. बँक म्हणाली, कंपनी वर्षानुवर्षं उतारे तपासत नव्हती, चूक तिची आहे. न्यायालयानं ते मानलं नाही. खोट्या सहीचा चेक म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे, आणि आदेश नसताना बँकेला पैसे द्यायचा अधिकार नाही. ग्राहक गाफील होता एवढ्यानं बँक सुटत नाही. म्हणजे स्वतःच्या नोकराकडे चेकबुक सोपवून वर्षानुवर्षं डोळेझाक करणाऱ्या कंपनीला संरक्षण आहे. मग खोट्या बोधचिन्हाला फसून सहा आकडे टाकणाऱ्या पेन्शनराला का नाही?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या संरक्षणासाठीच निघालं, आणि त्यात चांगलं पुष्कळ आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. ग्राहकाची चूक सिद्ध करायचा भार बँकेवर. तक्रार केल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. पण त्यातच एक वाक्य असं आहे की ग्राहकानं हलगर्जीपणा केला, उदाहरणार्थ पैसे देण्याघेण्याची गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितली, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. खोट्या मेलला फसलेला माणूस नेमका या वाक्यात अडकतो. ‘सांगितली’ हा शब्द इथे बरोबर आहे का? सांगणं म्हणजे आपण दुसऱ्याला देतोय हे ठाऊक असून देणं. नानांच्या समजुतीनं त्यांनी ओटीपी कुणाला दिलाच नव्हता. बँकेचा ओटीपी बँकेच्याच पानावर भरला होता. फसवून काढून घेतलेल्या गोष्टीला दिलेली म्हणणं म्हणजे भुरट्यानं बोलण्यात गुंगवून नेलेल्या पाटल्यांना दान म्हणण्यासारखं आहे.

बँकेचा बचाव असा की ओटीपी बरोबर होता, आम्हाला कळणार कसं? हा मुद्दाही विचार करायला लावतो, कारण योग्य ओटीपीचा प्रत्येक व्यवहार बँक थांबवायला लागली तर कुणाचंच काम होणार नाही. पण नानांच्या व्यवहाराकडे पाहा. आयुष्यात एकदाही ऑनलाइन ठेव न मोडलेला माणूस, त्याच्या खात्यावर कधीच न वापरलेला नवाच फोन, रात्रीची वेळ, ठेव मुदतीआधी मोडलेली, त्याच क्षणी नवा लाभार्थी जोडलेला आणि पुढच्या काही मिनिटांत सगळी रक्कम त्याच्याकडे. शाखेतल्या जुन्या कॅशियरनं एवढं पाहिलं असतं तर काचेमागून हाक मारली असती, "नाना, एवढी काय घाई? सगळं ठीक आहे ना?" त्या कॅशियरची जागा यंत्राला दिली, त्यातून वाचलेला पगार बँकेनं ठेवून घेतला, आणि कॅशियरची नजर मात्र यंत्रात घातली नाही. सिंगापुरात नव्या फोनवर बँकेची डिजिटल चावी, म्हणजे व्यवहाराला मंजुरी देणारी सोय, सुरू व्हायला किमान बारा तास थांबावं लागतं. डिसेंबर २०२४ पासून तिथली बँक असली ठरवून दिलेली कर्तव्यं चुकली तर बँकेनं सोसायचं, दूरसंचार कंपनी चुकली तर तिनं, आणि दोघांनी आपलं काम चोख केलेलं असेल तरच ग्राहकानं. मला विचाराल तर हा क्रम ब्रिटनच्या नियमापेक्षाही नीट विचार केलेला आहे. आपल्याकडेही न्यायालयं या दिशेला वळू लागली आहेत. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये गेले होते, त्यानं चोवीस तासांत कळवलं होतं. स्टेट बँकेनं ते द्यावेत हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला. पण ९४ हजारांसाठी दिल्लीपर्यंत जायची ताकद किती जणांत असते?

बारा तास थांबायचं म्हणजे व्यापाराला खीळ, असं कुणी म्हणेल. नेहमीच्या देण्याघेण्याला कुणी हात लावत नाही. नवा फोन, नवा लाभार्थी आणि मोठी रक्कम एकत्र आली तरच थांबायचं. चेक वटायला दोन-तीन दिवस लागायचे तेव्हाही लक्ष्मी रोडवर आणि मार्केट यार्डात धंदा चालतच होता.

खर्चाचा मुद्दा मात्र मला सहज सोडवता येत नाही. मोठ्या बँकांचं निभेल, पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नागरी सहकारी बँकांचं काय? त्यांच्याकडे चांगला संगणक विभाग ठेवण्याइतकेही पैसे नसतात. ही चिंता खरी आहे. पण नुकसान तर आजही होतंच आहे; फक्त ते एकेका घरावर कोसळतं. आणि हल्ला सहकारी बँकांनाही सोडत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकरांनी दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये लांबवले. या बँकांनी एकत्र येऊन सामाईक यंत्रणा आणि विमा उभारणं हाच मार्ग दिसतो, आणि त्याला आधार आहे. १९६० साली केरळातली पालई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार रस्त्यावर आले. तेव्हाही म्हणता आलं असतं की बँक नीट पारखून घ्यायची होती. त्याऐवजी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, हप्ता बँकांनी भरायचा. सुरुवातीला दीड हजार रुपयांचं संरक्षण होतं, २०२० पासून पाच लाखांचं आहे. बँकेचा ताळेबंद न वाचता पैसे ठेवले म्हणून आज आपण कुणाला मूर्ख म्हणत नाही. मग मेलचा पत्ता न वाचणाऱ्याला का म्हणतो?

गिरणगावात यंत्रात हात गेलेल्या कामगाराला एके काळी हेच ऐकावं लागे, लक्ष कुठे होतं तुझं? १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं आणि १९२३ च्या भरपाई कायद्यानं अपघाताचा भार मालकावर टाकला. कामगारानं लक्ष देऊ नये असं त्या कायद्यांचं म्हणणं नव्हतं. दहा तास उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष कधी तरी ढळणारच, हे त्यांनी मान्य केलं होतं. लक्ष सगळ्यांचंच ढळतं. २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. चोर आत शिरले होते ते नोकरीचा अर्ज म्हणून आलेल्या मेलमधून, आणि तो उघडणारे बँकेचेच कर्मचारी होते. गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनी २०१३ ते २०१५ या काळात खोट्या मेलांवरून आणि बिलांवरून एका लिथुआनियन भामट्याला १० कोटी डॉलरच्या वर रक्कम पाठवली. जगाला मेल पुरवणाऱ्या कंपनीला खोटा मेल ओळखता आला नाही, तर सांगलीतल्या नानांकडून कसली अपेक्षा करायची?

माझ्या मागणीची हद्दही सांगतो. दुप्पट परताव्याच्या नादानं कुणी आठवडेच्या आठवडे स्वतः पैसे पाठवत राहिला, शाखेत अडवलं तरी भांडून पाठवले, तर तिथे बँकेला पूर्ण धरणं मला न्यायाचं वाटत नाही. ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुबाडलेल्यांचा प्रश्नही वेगळा आणि जास्त अवघड आहे. मी बोलतोय ते बँकेच्या स्वतःच्या नावाबद्दल. आपल्या नावाचं सोंग कुणी घेणार नाही हे पाहणं, आणि घेतलं तर भरून देणं, हे त्या नावावर धंदा करणाऱ्याचं काम आहे.

नियम बदलेपर्यंत मात्र आपल्याला आपली कडी लावावीच लागेल. मी घरात एकच रीत ठेवली आहे: बँकेचा मेल वाचायचा, पण त्यातून कुठेही जायचं नाही. काम असेल तर अ‍ॅप आपल्या हातानं उघडायचं किंवा कार्डाच्या मागचा नंबर लावायचा. आणि पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला १९३० वर फोन करायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवला तरच हाती लागतो. नानांनी फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर ते घरात कुणाशी बोललेच नव्हते. ज्या माणसाला हमखास ‘तुमचीच चूक’ ऐकावं लागणार आहे तो लगेच तोंड उघडेल कसा? दोषारोपाची ही किंमतही आपण कधी मोजत नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी नाना फोन घेऊन माझ्याकडे आले. बँकेच्या नावानं मेल होता: आपल्या तक्रारीच्या निवारणाबाबत आपण समाधानी आहात का, अभिप्रायासाठी इथे क्लिक करा. "हा खरा की खोटा, तेवढं सांग," म्हणाले. मी चष्मा लावून पत्ता वाचला, अक्षर अन् अक्षर तपासलं, आणि मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं फोन हातात घेतला, वरखाली करून पाहिला, शेजारच्याला दाखवला. मग परत देत म्हणाली, "आमचाच असावा बहुतेक. पण काका, तुम्ही आपलं उघडू नका."